दिवाळीच्या अंघोळीआधी बंब काढताना

दिवाळीच्या पहाटे घाईत पाणी तापवायचा तांब्याचा बंब पेटतो आणि पाणी भरायचं राहून जातं. बंब खराब होण्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून आठवडाभर आधीच तो माळ्यावरून उतरवा. परड्यात सपाट फरशीवर कोरडी राख पसरा, बंब त्यावर ठेवा, काठोकाठ थंड पाणी भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी राखेत ओला ठिपका दिसला, तर वरून मधल्या नळ्यात, म्हणजे जाळ होतो त्या उभ्या नळीत, बॅटरी मारून पाणी कुठून झिरपतंय ते बघा. गळती सांध्यावर असेल तर तांबटाकडून डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, लावून घ्या. लांबी (पुट्टी) भरून भागवू नका, आगीच्या बाजूला ती टिकत नाही.

डाखाला जपायचं कारण साधं आहे. कथील-शिशाचा नरम डाख 190 अंशांच्या आसपास वितळतो, तर तांबं 1085 अंशांना. नळ्याच्या एका बाजूला आग असली, तरी दुसऱ्या बाजूला पाणी आहे तोवर पत्रा फारसा तापत नाही. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळतं आणि उष्णता ओढून घेत राहतं. पाण्याची पातळी खाली गेली की नळ्याचा वरचा भाग उघडा पडतो, आणि पहिला सुटतो तो डाख.

जुन्या घडणीच्या बंबात हा धोका कमी. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडतं, त्यामुळे बंब रिकामा होत नाही. खाली नळ बसवलेल्या बंबात मात्र शेवटची बादली काढणाऱ्याला आधी आग ओढायला सांगा. नरसाळं कधीही बोळा घालून बंद करू नका. वाफेला बाहेर पडायची वाट तीच.

बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षारांचा थरही बघा. पाणी उकळायच्या बरंच आधी बंब कडकड वाजू लागला की आत थर साचलाय असं समजा. त्या थरामुळे पाणी पत्र्याला नीट भिडत नाही आणि पत्रा जास्त तापतो. दहा लिटर गरम पाण्यात 200 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून दोन तास आत ठेवा, मग दोन-तीनदा खळबळून टाका. हे करताना खाली आग नको, आणि ठोकून थर काढू नका.

नळ्यातली काजळी वेळूच्या काठीला काथ्या गुंडाळून वरून खाली घासा. जाळीखालची राख रोज काढा. राख जाळीला टेकली की खालून वारा लागत नाही आणि निखाऱ्यांच्या उष्णतेनं जाळीच्या सळया वाकतात.

जळण वाळलेलंच हवं. बाभळीच्या फोडी मनगटाहून बारीक असाव्यात, पेटवायला शेणीचा तुकडा आणि चार ढलप्या पुरतात. वीस लिटर पाण्याला साधारण किलोभर जळण लागतं. गगनबावडा, राधानगरीकडं पावसाळ्यात ओलावलेलं लाकूड दिवाळीपर्यंतही आतून ओलं असू शकतं. त्याचा धूर होतो आणि नळ्यात डांबरासारखा चिकटा बसतो. करवंट्या एका वेळी दोनच टाका, फार कडक जळतात. नळ्याच्या तोंडातून जाळ वर आला, तर आग जास्त झाली. जळण घालणं थांबवा आणि राखेचं दार लोटून वारा कमी करा. रॉकेल आणि प्लॅस्टिक अजिबात नको.

बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. परड्यात, कडब्याची गंजी आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून दूर जागा ठरवा. तोटी पोरांच्या वाटेत येणार नाही अशी फिरवून ठेवा.

एवढं करूनही पेटता बंब कोरडा पडलाच, तर गार पाणी ओतायचा मोह आवरा. तापलेला पत्रा एकदम आकसून सांधे फाटतात आणि नरसाळ्यातून उसळलेली वाफ थेट हातातोंडावर येते. चिमट्यानं जळण ओढून मातीत विझवा, बंब हात लावण्याइतका गार होऊ द्या, आणि पुन्हा पेटवण्याआधी राखेवरची ती रात्रभराची तपासणी परत करा.