नर्स म्हणून ब्रिटनला निघताय? आधी तारखांचा हिशेब मांडा

ऑस्की, म्हणजे तिथल्या नर्सिंग नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची फी ७९४ पौंड आहे, हे मला निघायच्या वर्षभर आधीपासून तोंडपाठ होतं. पहिला पगार कोणत्या तारखेला होणार, हे मात्र विमानातून उतरेपर्यंत मी कुणालाच विचारलं नव्हतं. मी १८ तारखेला रुजू झाले. त्या महिन्याच्या पगाराची यादी तेव्हा बंद झाली होती, म्हणजे पैसे थेट पुढच्या महिन्याच्या अखेरीस. मधले जवळजवळ सहा आठवडे मी ६०० पौंडांवर काढले.

तेव्हापासून जी कुणी मला "एकूण किती खर्च येतो गं?" असं विचारते, तिला मी आधी एक वही घ्यायला लावते. चार रकाने आखा: खर्च कशाचा, कोण भरणार, कुठल्या तारखेला, आणि परत मिळणार का. एकूण रकमेचा आकडा कुणीही सांगेल. माणूस अडतं ते तिसऱ्या रकान्यात.

सुरुवात इंग्रजीपासून. ओईटी या आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि ती कुणी आधी देत नाही, आपणच भरायची. लेखनात ३०० गुण लागतात, बाकी तिन्हींत ३५०. मला लेखनात २९० पडले. दहा गुणांसाठी पुन्हा ५८७ डॉलर! त्यातल्या त्यात बरं म्हणजे, फेब्रुवारी २०२३ पासून एनएमसी, म्हणजे तिथली नर्सिंग कौन्सिल, १२ महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते. दोन्ही वेळा प्रत्येक विभागात एक किमान पातळी गाठावी लागतेच, पण दुसऱ्या वेळी मी सगळा जोर लेखनावर लावला. माझा सल्ला विचाराल तर पहिली परीक्षा देतानाच दुसरीचे पैसे बाजूला ठेवा. लागले नाहीत तर आनंदच आहे.

एनएमसीचे टप्पे सरळ आहेत. पात्रता तपासणीचे १४० पौंड, संगणकावरच्या सीबीटी परीक्षेचे ८३, ऑस्कीचे ७९४ आणि नोंदणीचे १५३. बेरीज १,१७०. पुढे दरवर्षी १२० पौंड. ऑस्की ब्रिटनमध्येच द्यावी लागते, त्यामुळे मोठी रक्कम तिथे पोचल्यावरची असते आणि पहिल्या प्रयत्नाची फी बरेच ट्रस्ट, म्हणजे तिथली सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्था, स्वतः भरतात. "बरेच" म्हणजे सगळे नव्हेत. ऑफर हातात आली की सही करण्याआधी ईमेल करा. फोनवर बोलू नका, फोनवर सगळे गोडच बोलतात. माझ्या मैत्रिणीसाठी आम्ही दोघींनी बसून लिहिलेल्या ईमेलमध्ये एवढेच प्रश्न होते: ऑस्कीची फी तुम्ही थेट भरता की मी भरून पावती द्यायची? नापास झाले तर दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे कुणाचे? विमानाचं तिकीट तुम्ही काढता की नंतर परत देता, आणि देता तर कुठल्या महिन्याच्या पगारात? राहायची सोय किती आठवडे, आणि त्याचं भाडं पगारातून कापता का? मी या तारखेला रुजू झाले तर पहिला पगार केव्हा? आणि दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती परत मागणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. परदेशी भरतीच्या सरकारी आचारसंहितेनुसार ही परतफेड वाजवी असायला हवी आणि जसजसे महिने उलटतील तसतशी कमी व्हायला हवी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच रक्कम लिहिली असेल तर विचारा, लाजू नका.

एजंटाबद्दल एकच सांगते. नोकरी मिळवून दिली म्हणून उमेदवाराकडून फी घ्यायला तिथे १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टपासून बंदी आहे. व्हिसासाठी मालक देतो त्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राची फी आणि परदेशी कामगार घेतल्याबद्दलचा इमिग्रेशन स्किल्स चार्ज हे दोन्ही मालकानेच भरायचे असतात, तुमच्यावर ढकलता येत नाहीत. यातलं काही कुणी मागितलं तर तिथूनच परत फिरा.

व्हिसाच्या बाबतीत नर्सना मोठी सवलत आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाला एप्रिल २०२५ च्या दराने तीन वर्षांपर्यंत ३०४ पौंड आणि त्याहून जास्त मुदतीला ५९० पौंड पडत होते. इतरांना दर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार द्यावा लागतो, तो आपल्याला माफ आहे. नवरा आणि मुलांनाही माफ आहे, पण व्हिसाची फी प्रत्येकाची वेगळी. चौघांचं कुटुंब असेल तर त्या फीला चाराने गुणा आणि मगच सगळे एकत्र निघायचं की आपण पुढे जायचं ते ठरवा.

याच टप्प्यावर माझा एक महिना वाया गेला. खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस असावे लागतात. एकोणिसाव्या दिवशी मी त्याच खात्यातून टीबीच्या तपासणीचे पैसे दिले. शिल्लक थोडीच खाली गेली, पण दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागले. नंतर कळलं की "हिच्या पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी आम्ही घेतो" अशी खूण मालक त्या प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्रावर करू शकतो, आणि मग हे पैसे दाखवावेच लागत नाहीत. मी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा, आणि तरीही ते खातं वेगळंच ठेवा. नवरा-मुलं सोबत असतील तर जोडीदाराचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५ आणि पुढच्या प्रत्येक मुलाचे २०० वर धरा.

पोचल्यावर सगळ्यात मोठा घास घराचा. हॉस्पिटलची खोली सहसा काही आठवडेच मिळते. इंग्लंडमध्ये अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी घेता येते. समजा भाडं महिना ९०० पौंड. आठवड्याचं झालं साधारण २०८, म्हणजे अनामत १,०३८, त्यात पहिल्या महिन्याचे ९०० मिळवा. किल्ली हातात यायच्या आधीच १,९३८ पौंड गेले. ही अनामत घरमालकाने ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत जमा करायची असते, त्याचा कागद मागून घ्या. कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा घरावरचा कर, वेगळा. एकट्या राहत असाल तर त्यात २५ टक्के सूट असते, पण ती अर्ज करून मिळवावी लागते. टीव्ही लायसन्सची पत्रं इतक्या कडक भाषेत येतात की मी घाबरून भरणारच होते. थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर बघत नसाल तर ते लागत नाही.

आता ऑस्की. दहा स्टेशन, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे दहा टप्पे, असतात. मी एकात नापास झाले: ड्रेसिंग करताना हातमोज्याचं टोक ट्रॉलीच्या कडेला लागलं, मला ते जाणवलंही, आणि बदलायला हवेत हे माहीत असूनही घड्याळाकडे बघून मी तशीच पुढे गेले. सात किंवा त्याहून कमी स्टेशन राहिली तर पुन्हा बसायचे ३९७ पौंड, त्याहून जास्त राहिली तर पूर्ण ७९४. पण दुखणं त्या ३९७ चं नाही. पिन नंबर, म्हणजे एनएमसीचा नोंदणी क्रमांक, येईपर्यंत खालच्या बँडचा, म्हणजे खालच्या वेतनश्रेणीचा, पगार मिळतो. २०२५-२६ च्या दरांनी बँड ४ ची सुरुवात वर्षाला २७,४८५ पौंड आणि बँड ५ ची ३१,०४९. फरक महिन्याला सुमारे ३०० पौंड. पिन दोन महिने लांबला की फेरपरीक्षेच्या फीपेक्षा जास्त पैसे तिथेच गेले. मोजे बदलायला वीस सेकंद लागतात.

बँड ५ च्या ३१,०४९ मधून कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन जाऊन हातात महिन्याला १,९८० च्या आसपास येतात. घरी पैसे पाठवायचा शब्द या आकड्यावर द्या, ऑफर लेटरवरच्या नको.

रुजू होताना स्टार्टर चेकलिस्ट नावाचा एक कागद भरून घेतात. त्या करवर्षातली, म्हणजे ६ एप्रिलपासूनची, ही पहिलीच नोकरी असेल तर विधान ए वर खूण करायची. मी घाईत सी वर केली आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कर कापला गेला. परत मिळाला, पण कधी, तर गरज संपल्यावर. उलट ए वर खूण करून नोव्हेंबरात रुजू झालेल्या मुलीला आधीच्या महिन्यांची न वापरलेली करमाफीही मिळते आणि पहिले काही पगार जवळपास करमुक्त येतात.

शेवटची छोटी गोष्ट, कारण ती बहुतेकींना माहीत नसते. युनिफॉर्म घरी धुवावा लागत असेल तर नर्सना वर्षाला १२५ पौंडांवर करसवलत आहे, आणि एनएमसीच्या १२० पौंडांवरही. वीस टक्क्यांनी दोन्हीचे मिळून ४९ पौंड होतात आणि मागच्या चार वर्षांपर्यंतचे मागता येतात. अर्ज स्वतःच करा, मधले लोक त्यातही वाटा घेतात. एनएमसीची पावती मात्र जपून ठेवा, ती मागतात.