हे कोणत्या थरातलं?

एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी त्वचेचे थर आपण परीक्षेपुरते पाठ करतो. तळाला बेसल, त्यावर स्पायनोसम, ग्रॅन्युलोसम, तळहात-तळपायाला ल्युसिडम आणि सगळ्यात वर कॉर्नियम. हे सगळे मिळून वरची त्वचा, म्हणजे एपिडर्मिस; तिच्याखाली डर्मिस. मग पुढची चार वर्षं विसरून जातो. त्वचारोगाला एम.डी. घेऊन मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा माझीही गत तीच होती. आमच्या मॅडम मात्र कुठलाही पेशंट दाखवला की निदानाच्या आधी एकच विचारायच्या, "हे कोणत्या थरातलं?" नव्याने येणाऱ्यांना मी आता हाच प्रश्न देते.

तो मला पटला फोडांमुळे. एकाच आठवड्यात वॉर्डात दोघं दाखल झाले. एका आजोबांच्या मांड्यांवर मोठे, टणक, पाण्याने टम्म भरलेले फोड होते. दाबले तरी फुटत नव्हते. दुसऱ्या चाळिशीतल्या बाई. त्यांच्या अंगावर फोड जेमतेम दिसत होते, नुसत्या ओल्या, सोललेल्या जखमा. तोंड आतून सोलवटलेलं, भाकरीचा घास गिळवत नव्हता. बाईंना होता पेम्फिगस. त्यात शरीराची प्रतिपिंडं वरच्या त्वचेतल्या पेशींना एकमेकींशी बांधणारे सांधेच तोडतात. फोड वरच्या त्वचेच्या आतच तयार होतो, त्याचं छप्पर पातळ असतं, म्हणून तो लगेच फुटतो. आजोबांना पेम्फिगॉइड. तिथे अख्खी वरची त्वचा खालच्या डर्मिसपासून सुटते, छप्पर जाड राहतं, फोड टिकतो. ही आकृती वहीत स्वतःच्या हाताने काढा. एकदा काढली की दोन्ही आजार पाठ करावे लागत नाहीत.

वरच्या त्वचेत रक्तवाहिन्या नसतात, हेही असंच कामाला येतं. सोरायसिसच्या चट्ट्यावरचा चंदेरी कोंडा हलक्या हाताने खरवडत गेलं की टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. डर्मिसच्या उंचवट्यांवर वरची त्वचा तिथे फार पातळ झालेली असते आणि खालच्या केशवाहिन्या उघड्या पडतात. निरोगी त्वचेची पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे घेते; सोरायसिसमध्ये हाच प्रवास काही दिवसांत उरकतो, म्हणून कोंड्याचे थरावर थर साचतात. पेशंटला हे अशाच साध्या शब्दांत सांगा. "तुमची कातडी घाईघाईने बनतेय, हा जंतू नाही, कुणाला लागणार नाही," एवढं ऐकल्यावर घरातली वेगळी ठेवलेली ताट-वाटी परत एकत्र आल्याचं मी पाहिलं आहे.

खरूज मात्र लागते. तिचा किडा कॉर्नियममध्येच बीळ करतो, म्हणून वरून लावायच्या औषधाने तो मरतो. पर्मेथ्रिन लिहून दिलं की आपलं काम संपलं असं समजू नका. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, रात्रभर, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसलेल्यांनीसुद्धा. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर तो इतरांना देतच असतो. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रोज औषध चोपडत बसतो.

आता माझी चूक. पहिल्याच महिन्यात एक शेतकरी काका दंडावरचा फिकट डाग घेऊन आले. मी शिबं समजून बुरशीचं मलम लिहिलं. मॅडमनी चिठ्ठी बाजूला ठेवली, काकांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक डागावर टेकवलं. काका गप्पच. डागाबाहेर टेकवल्यावर लगेच बोट ठेवून म्हणाले, "हितं." कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत होती. कुष्ठरोग. स्पर्शाच्या नसा डर्मिसमध्ये असतात आणि या आजाराचा जंतू त्यांनाच धरतो. शिबं वरच्या वर कॉर्नियममध्ये राहतं, तिथे संवेदना जात नाही. थराचा प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर कापूस आपोआप हातात आला असता. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो, पण उशिराने वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. फिकट डाग दिसला की कापूस, दर वेळी. कोडाच्या पांढऱ्याशुभ्र डागात संवेदना शाबूत असते. तिथे फक्त रंग बनवणाऱ्या पेशी गेलेल्या असतात. 'श्वेतकुष्ठ' हा शब्द म्हणूनच मला सहन होत नाही. तो तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.

परदेशी पुस्तकांतले फोटो बघून लाली शोधू नका. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती जांभळट किंवा नुसती काळसर दिसते. पेशंटला खिडकीजवळ, उजेडात घ्या, आणि पडदा ओढून पूर्ण अंग बघा.

ओपीडीत सगळ्यात जास्त दिसेल ते गजकर्ण, तेही बिघडवलेलं. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र निवांत पसरते आणि गोल कडाच पुसली जाते. महिनोन्‌महिने लावलं की डर्मिसमधलं कोलॅजन झिजतं, जांघेत रुंद भेगांसारखे पट्टे उमटतात. ते कायमचे. "काही लावलं का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा" म्हणा. पिशवी टेबलावर रिकामी झाली की चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडा, स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका आणि बुरशीचे धागे मायक्रोस्कोपमधून त्या पेशंटलाही दाखवा.