‘माझा एक छोटासा प्रश्न आहे’ म्हणणाऱ्या श्रोत्याला कसे आवरावे

मृत्युपत्र या विषयावर मी ज्येष्ठ नागरिक संघांत, वाचनालयांत, सोसायट्यांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवात वर्षानुवर्षे बोलत आले आहे. विषयाला गर्दी हमखास होते, आणि समोरच्या प्रत्येकाच्या घरात एखादा रुसलेला भाऊ किंवा अडकलेला सातबारा असतोच. अवघड श्रोता मला शोधावा लागत नाही, तो पहिल्या दोन रांगांत फाइल घेऊन बसलेला असतो.

नवीन वक्त्यांना ‘हजरजबाबी व्हा’ असा सल्ला मिळतो आणि सोबत आचार्य अत्र्यांचे चार किस्से. तो सल्ला सोडून द्या. अत्र्यांच्या सभेला लोक अत्र्यांना ऐकायला जात. आपल्याकडे विषयासाठी येतात, काही चहासाठी. टोला हाणला की सभागृह हसते खरे, पण ज्याच्यावर हसले तो शेवटपर्यंत वचपा काढायला टपून बसतो. बहुधा तोच संघाचा माजी अध्यक्ष निघतो.

आधी माइकचे ठरवा

प्रश्न शेवटी घ्यायचे, किती वेळ घ्यायचे, हे सूत्रसंचालक विचारतातच. माइक कोणाच्या हातात राहणार, हे कोणी विचारत नाही. ते तुम्ही विचारा. कॉर्डलेस माइक श्रोत्याच्या हातात द्यायचा नाही, स्वयंसेवकाने तो धरून ठेवायचा. हे काम कॉलेजातल्या मुलाला देऊ नका. काकांनी मुठीत धरलेला माइक सोडवून घ्यायची त्याची हिंमत होत नाही. सगळ्यांना नावानिशी ओळखणाऱ्या, पन्नाशीच्या एखाद्या कार्यकर्त्या ताई शोधा. ‘जोशीकाका, मी धरते, तुम्ही बोला’ हे त्यांनाच जमते.

चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवायची पद्धत राजकीय विषयांना ठीक. माझ्या विषयात लोक पाठपोट अख्खा दावा लिहून पाठवतात.

किरकोळ त्रास

फोन वाजला तर थांबा, शोधू द्या. कुजबुज चालली असेल तर त्यांच्या जवळ जाऊन उभे राहा आणि आवाज चढवण्याऐवजी उतरवा. झोपलेल्याला झोपू द्या. मांडवात कोणी पिऊन आला असेल तर ते काम कार्यकर्त्यांचे. तुम्ही खुर्चीवर बसून पाणी प्या.

‘हे चूक आहे’ म्हणून मध्येच उठणारा मात्र कधी कधी बरोबर असतो. निवृत्त तलाठ्याला फेरफार नोंदीतले माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि अशा वेळी मी त्यालाच सांगायला लावते. नुसताच हट्टी निघाला तर मुद्दा त्याच्यादेखत वहीत लिहून घ्या, तपासून कळवते म्हणा, आणि खरेच कळवा.

खरी अडचण: काकांची पार्श्वभूमी

‘प्रश्न छोटाच आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय कळणार नाही.’ पार्श्वभूमी १९७४ साली वडिलांनी घेतलेल्या जागेपासून सुरू होते. पिशवीतून फाइल निघते. मागे बसलेले घड्याळ बघू लागतात. इथेच बहुतेक वक्ते सभा घालवतात आणि मलाही हे जमायला बराच काळ लागला.

‘थोडक्यात बोला’ म्हणू नका. ‘थोडक्यातच सांगतो’ म्हणून काका पुन्हा १९७४ला जातात. ‘तुमचा प्रश्न काय?’ हेही नको. पुष्कळदा प्रश्न नसतोच. घरात कोणी ऐकत नाही म्हणून माणूस इथे बोलत असतो, आणि चारचौघांत ते उघडे पाडणे बरे दिसत नाही.

सुरुवातीला नीट ऐका, आणि ऐकता ऐकता सगळ्यांच्या कामाचा एक शब्द पकडा. साक्षीदार, नॉमिनी, नोंदणी, असा काही तरी शब्द येतोच. मग श्वासाची वाट पाहा. मुरलेला बोलणारा वाक्य संपल्यावर थांबतच नाही, तो ‘आणि मग…’ म्हटल्यावर श्वास घेतो. तिथेच शिरायचे: ‘काका, साक्षीदारांचा मुद्दा तुम्ही फार महत्त्वाचा काढलात.’ लगेच मान सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला वळवा आणि उत्तर सगळ्यांना द्या. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. उत्तर चालू असताना काकांकडे पुन्हा पाहायचे नाही. नजरानजर झाली की ते उठलेच म्हणून समजा. तेवढ्यात ताई माइक घेऊन पुढच्या हाताकडे गेलेल्या असल्या पाहिजेत. ही खूण आधीच ठरवून ठेवा.

एकाच्या खटल्यावर माइकवरून मत देऊ नका, कितीही गळ घातली तरी. ज्या भावाबद्दल तक्रार चालली आहे त्याची बायको तिसऱ्या रांगेत असू शकते. ‘तुमचे बरोबर वाटते’ एवढे जरी तोंडून गेले, तरी रात्री घरी त्याचे ‘वकीलबाईंनी भर सभेत सांगितलं’ होते. त्याऐवजी ‘कार्यक्रम झाल्यावर चहाच्या टेबलापाशी कागद घेऊन या’ असे जागेसकट सांगा. मोघम ‘नंतर भेटा’वर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे, वक्ते मागच्या दाराने जातात.

तरीही काका पुन्हा उठले तर मंचावरून खाली उतरा. त्यांच्या समोर उभे राहिलात तर भांडण दिसते, म्हणून शेजारी, सभागृहाकडे तोंड करून उभे राहा, आणि माइक बाजूला घेऊन हळू आवाजात ‘काका, आपण चहाला बोलतोय ना?’ एवढेच म्हणा. बहुतेक बसतात.

बोलता बोलता कोणी रडू लागले, आणि विधवा मावशींच्या बाबतीत हे होते, तर यातले काहीही करू नका. श्वास पकडून मध्ये शिरू नका. शेजारणीला पाणी द्यायला सांगा, मावशी बोलतील तेवढे बोलू द्या. आभारप्रदर्शन उशिरा झाले म्हणून काही बिघडत नाही.

दोन्ही पक्ष सभेतच असतील तर

मागून आवाज येतो, ‘खोटं बोलतोय तो!’ आता कायद्याचे उत्तर कोणालाच ऐकू जाणार नाही. १९०७च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळक बोलू द्या म्हणत हाताची घडी घालून मंचावर उभे होते. समोरून जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला आणि अधिवेशन तिथेच मोडले. उधळलेली सभा टिळकांनाही आवरली नाही, तिथे आपली काय कथा. सरळ ‘आता अध्यक्षांना समारोपाची विनंती करते’ म्हणा आणि बसा. अध्यक्ष उभे राहिले की आपल्याकडे भांडणारेसुद्धा बसतात.

चहाच्या टेबलापाशी

शब्द दिलाय, तर थांबा. पाठ भिंतीला आणि टेबल मध्ये असू द्या, नाहीतर चारही बाजूंनी फाइली येतात. कागद काकांच्याच हातात ठेवून वाचा. फाइल तुमच्या हातात आली की ‘सावकाश बघा’ म्हणून ते बशीतले बिस्किट उचलतात आणि घरी जातात.