ट्यूब अँप्लिफायरमधला हम शोधताना: दुरुस्ती नव्याने शिकणाऱ्यांसाठी

गिटारच्या ट्यूब अँप्लिफायरमधला हम (सततचा घूं असा आवाज) किंवा इतर नकोसा आवाज काढायला शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी एकच प्रश्न विचारतो: कुठला पार्ट बदलू? मीही बराच काळ हाच प्रश्न घेऊन जाणत्या माणसांकडे जात असे, आणि मिळणारी उत्तरे माणसागणिक वेगळी असत. आवाज सर्किटच्या कोणत्या टप्प्यात तयार होतो हे ठरवल्याखेरीज सोल्डरिंग आयर्न तापवायचेच नाही, ही सवय लागायला मला फार वेळ गेला. ती सवय तुम्हांला लवकर लागावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. सर्किटचा नकाशा वाचता येतो, मल्टिमीटर हाताळता येतो आणि ग्रिड, प्लेट, कॅथोड म्हणजे काय हे ठाऊक आहे, असे गृहीत धरले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो आणि ती सौम्य करून सांगणार नाही. या अँपमध्ये ३०० ते ५०० व्होल्टचा डीसी सप्लाय असतो, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज शिल्लक राहू शकतो. सुमारे १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून कपॅसिटर काही सेकंद डिस्चार्ज करा, मग मीटर लावून व्होल्टेज खरोखर उतरले आहे का ते पाहा, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहा, कारण मोठे कपॅसिटर स्वतःहून थोडे व्होल्टेज परत दाखवतात. अँप चालू ठेवून मोजमाप करताना एक हात पाठीमागे ठेवा. हम कमी करण्यासाठी मेन्सची अर्थ वायर काढून टाका असे कोणी सांगितले, तर त्या माणसाकडून पुढे काहीही शिकू नका. त्या वायरीमुळे चॅसिस सुरक्षित राहते, आणि ती काढून थांबलेला हम ही दुरुस्ती नव्हे.

आता ऐकण्याकडे वळू. गिटारवादकाकडे तयार कान असतो आणि तो बहुतेकजण या कामात वापरतच नाहीत. मेन्स ५० हर्ट्झचा असेल, तर दोन्ही अर्धलहरी वापरणाऱ्या रेक्टिफायरनंतर सप्लायमध्ये उरणारा रिपल (डीसीवर राहिलेली लहर) १०० हर्ट्झचा असतो. सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा ९८ हर्ट्झचा स्वर आहे. तो छेडा आणि हमशी जुळवून पाहा. जवळजवळ जुळला तर संशय सप्लायवर, म्हणजे फिल्टर कपॅसिटर किंवा पुश-पुल जोडीतल्या (आळीपाळीने काम करणाऱ्या दोन आउटपुट ट्यूबमधल्या) असमतोलावर. हम त्याच्या एक सप्तक खाली असेल तर तो थेट मेन्सचा ५० हर्ट्झ आहे आणि तो हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तंतूच्या) तारांमधून, अर्थच्या जोडणीतून किंवा उघड्या राहिलेल्या ग्रिडवरून येतो. मेन्स ६० हर्ट्झचा असेल तर रिपल १२० हर्ट्झचा होतो, म्हणजे पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पडद्यांच्या दरम्यान कुठेतरी. छोटा स्पीकर मूळ ५० हर्ट्झ नीट वाजवत नाही आणि त्याचे वरचे हार्मोनिकच अधिक ऐकू येतात, म्हणून शक्य असेल तेव्हा मोठ्या कॅबिनेटवर ऐका. एवढ्या एका चाचणीने निम्मे अँप संशयातून बाहेर पडते, आणि तिला काहीही खर्च येत नाही.

त्यानंतर व्हॉल्यूम नॉब. गिटार काढून टाका, कारण सिंगल कॉइल पिकअप स्वतःच हम पकडतो आणि त्याचा दोष अँपच्या माथी मारण्यात अर्थ नाही. नॉब फिरवल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर उगम नॉबच्या आधी आहे, तसाच राहत असेल तर नंतर. पुढची पायरी ट्यूब एकेक काढून पाहण्याची. अँप बंद करा, फेज इन्व्हर्टरची (आउटपुट ट्यूबना एकमेकांविरुद्ध सिग्नल देणारी) ट्यूब काढा, पुन्हा चालू करा. आवाज कायम राहिला तर तो आउटपुट ट्यूबमध्ये किंवा सप्लायमध्ये आहे. तो थांबला तर ट्यूब परत बसवा आणि तिच्या आधीच्या टप्प्याची काढा, अशा क्रमाने इनपुटकडे सरकत जा. जी ट्यूब काढल्यावर आवाज थांबतो आणि जिच्या आधीची काढूनही तो चालूच राहतो, त्या टप्प्यात दोष आहे. हे करताना स्पीकर कधीही काढू नका. ज्या अँपमध्ये हीटर सिरीजमध्ये जोडलेले असतात तिथे ही पद्धत चालत नाही, कारण एक ट्यूब काढली की इतर ट्यूबही थंड पडतात.

आता त्या सापळ्याबद्दल, ज्याने मला सर्वांत जास्त छळले. माझ्यासमोरच्या अँपमध्ये स्पष्ट ५० हर्ट्झचा हम होता. पहिली ट्यूब काढली की तो बराच कमी होई, पण दुसरी ट्यूब लावूनही तो तसाच. फिल्टर कपॅसिटर बदलून झाले होते, अर्थचे सगळे सांधे पुन्हा सोल्डर झाले होते. हीटरच्या दोन्ही तारांपासून चॅसिसपर्यंत जाणारे १०० ओहमचे दोन रेझिस्टर मी मीटरने तपासले होते आणि दोन्हींवर १०० ओहम दिसले होते. वहीत मी त्यांच्यापुढे 'ठीक' असे लिहिले, आणि नेमका तिथेच दोष होता.

हे का घडते ते सावकाश समजून घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या हीटर वाइंडिंगला मध्यबिंदू नसेल, तर दोन्ही तारांपासून एकेक १०० ओहमचा रेझिस्टर चॅसिसला जोडून कृत्रिम मध्यबिंदू तयार केला जातो. त्यामुळे प्रत्येक तार चॅसिसच्या तुलनेत सुमारे ३.१५ व्होल्टवर असते आणि दोन्ही तारा एकमेकींच्या विरुद्ध फेजमध्ये असतात, म्हणून त्यांच्यापासून ग्रिडवर किंवा कॅथोडवर पोहोचणारा हम बऱ्याच अंशी एकमेकांना खोडून काढतो. मात्र मीटर लावताना वाइंडिंग विसरायचे नाही. वाइंडिंगचा रोध ओहमच्या एका अंशाइतका असतो, म्हणजे मीटरच्या दृष्टीने दोन्ही तारा एकच आहेत. साहजिकच दोन्ही रेझिस्टर चांगले असतील तेव्हा ते समांतर जोडलेले दिसतात आणि कोणत्याही तारेपासून चॅसिसपर्यंत ५० ओहम मिळतात. एक रेझिस्टर जळून उघडा पडला, तर दुसऱ्याचे १०० ओहम दोन्ही ठिकाणी दिसतात. जळालेल्या रेझिस्टरच्या दोन टोकांवर प्रोब ठेवला तरी शेजारच्या निरोगी रेझिस्टरचे माप वाइंडिंगमधून येऊन मीटरवर १०० ओहमच उमटते. रेझिस्टरवर रंगांच्या पट्ट्या १०० ओहम सांगतात, मीटरही १०० ओहम सांगतो, आणि डोळ्यांना सगळे जुळल्यासारखे वाटते. ट्यूब काढून मोजले तरी फरक पडत नाही, कारण वाइंडिंग जागेवरच असते.

म्हणून लक्षात ठेवा: इथे ५० हे निरोगी माप आहे आणि १०० हे दोषाचे. अनंत रोध दिसला तर दोन्ही गेले आहेत आणि हीटरची पूर्ण लाइन तरंगत आहे. शून्याच्या जवळ दिसले तर वाइंडिंगचा खरा मध्यबिंदू किंवा हीटरची एक तार थेट चॅसिसला जोडलेली आहे. शंका असेल तर रेझिस्टरचे एक टोक सोल्डरमधून सोडवून मोजा. अँप चालू ठेवून प्रत्येक तारेपासून चॅसिसपर्यंत एसी व्होल्टेज मोजले तरी चित्र लगेच स्पष्ट होते: दोन्हीकडे साधारण ३.१५ व्होल्ट हवेत, आणि एका बाजूला शून्याजवळ व दुसऱ्या बाजूला ६.३ आले तर एक रेझिस्टर उघडा आहे. काही अँपमध्ये हे दोन रेझिस्टर पायलट दिव्याच्या होल्डरवर लावलेले असतात आणि बोर्डावर शोधून सापडत नाहीत. काही ठिकाणी त्यांचा सामाईक सांधा चॅसिसऐवजी एखाद्या डीसी बिंदूला जोडलेला असतो. तिथे सर्व मोजमापे त्या सांध्यापासून घ्या.

रेझिस्टर बदलून हम थांबला तरी काम संपत नाही. हा रेझिस्टर उगीच जळत नाही. ईएल३४ आणि ६एल६ या दोन्ही आउटपुट ट्यूबमध्ये २ क्रमांकाची पिन हीटरची आणि ३ क्रमांकाची प्लेटची असते, म्हणजे शेकडो व्होल्टची पिन हीटरला खेटून बसलेली असते. स्पीकर न जोडता अँप वाजवले गेले, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उसळणाऱ्या व्होल्टेजमुळे या दोन पिनांमध्ये ठिणगी पडते, आणि तो प्रवाह चॅसिसकडे जाताना बिचारा १०० ओहमचा रेझिस्टर फ्यूजचे काम करतो. सॉकेटवर भिंग धरून पाहा. दोन पिनांमध्ये काळसर केसासारखी रेघ दिसली तर तो कार्बनचा माग आहे. तो खरवडून भागेल असे समजू नका, सॉकेट बदला. आउटपुट ट्यूबमध्ये आतून शॉर्ट आहे का तेही तपासा.

१०० हर्ट्झच्या हमविषयी थोडक्यात. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे त्याचे खरे आणि वारंवार आढळणारे कारण आहे, हे मान्य. पण पुश-पुल अँपमध्ये दोन आउटपुट ट्यूबचे प्रवाह असमान असतील, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये जो रिपल खोडला जायला हवा तो उरतो आणि नेमका तसाच हम देतो. म्हणून आधी दोन्ही ट्यूबचे स्थिर प्रवाह मोजा. एकाच आउटपुट ट्यूबच्या छोट्या अँपमध्ये ही खोडाखोड मुळातच नसते, त्यामुळे तिथे थोडा हम राहणारच, तो पूर्ण काढण्याच्या मागे लागून निराश होऊ नका. मोटारबोटीसारखा हळू फटफट आवाज येत असेल, तर प्रीअँपच्या टप्प्यांना वेगळे ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर पाहा.

सूं असा एकसारखा आवाज, म्हणजे हिस, नवशिक्यांना सर्वांत जास्त भरकटवतो. त्यातला काही भाग निसर्गाचाच आहे. जॉन जॉन्सन यांनी रेझिस्टरमधला उष्णतेमुळे होणारा नॉइझ मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. सामान्य तापमानाला १०० किलोओहमचा कोणताही रेझिस्टर १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ४ मायक्रोव्होल्ट नॉइझ देतो, मग तो कितीही महागाचा असो. मात्र कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरमधून डीसी प्रवाह वाहत असेल तर त्यात जादा नॉइझ मिसळतो आणि रेझिस्टरवरच्या डीसी व्होल्टेजबरोबर तो वाढतो. म्हणून पहिल्या १२एएक्स७ या प्रीअँप ट्यूबच्या प्लेटवरचा १०० किलोओहमचा रेझिस्टर मेटल फिल्मचा केल्यास फरक स्पष्ट ऐकू येऊ शकतो, तर इनपुटच्या ग्रिडवरचा ६८ किलोओहमचा बदलून फारसे काही हाती लागत नाही, कारण त्यातून डीसी जवळजवळ वाहतच नाही. सगळे रेझिस्टर सरसकट बदलण्याचा सल्ला मला पटत नाही. त्यात नवे ड्राय सोल्डर (नीट न धरलेले सांधे) तयार होण्याचा धोका असतो आणि नेमके काय बिघडले होते ते कधीच कळत नाही.

तडतड येत असेल तर लाकडी काडी हातात घ्या. अँप चालू असताना तिने ट्यूब, सॉकेट, सांधे आणि वायरी हलकेच ठोकून पाहा. ट्यूबवर ठोकल्यावर घंटेसारखा नाद आला तर ती मायक्रोफोनिक (कंपनांचाच आवाज करणारी) झाली आहे. वायर थोडी सरकवल्यावर शिट्टी बंद झाली तर वायरींची मांडणी चुकली आहे. कुठेच प्रतिसाद नसेल आणि तडतड आपोआप येत-जात असेल तर पुन्हा प्लेट रेझिस्टरकडे वळा. नॉब फिरवताना येणाऱ्या खरखरीवर मात्र लगेच क्लीनरचा स्प्रे मारू नका. आधी नॉबवर डीसी व्होल्टेज आहे का ते मोजा. १ मेगाओहमच्या पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) १ व्होल्ट डीसी म्हणजे दोन टप्पे जोडून डीसी अडवणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून १ मायक्रोअँपिअर गळती, आणि तिथे कितीही स्प्रे मारला तरी खरखर परत येणार.

शिकवणाऱ्यांविषयी माझे ठाम मत आहे. जो गुरू पार्ट बदलायला सांगण्याआधी 'काय मोजलेस?' असे विचारतो, त्याच्याकडे थांबा, तो तुसडा असला तरी. दर वेळी सगळे कपॅसिटर आणि सगळ्या ट्यूब एकदम बदलायला लावणारा माणूस आवाज घालवू शकेल, पण तुम्हांला काही शिकवू शकणार नाही. 'लो नॉइझ' म्हणून निवडून विकल्या जाणाऱ्या महाग ट्यूबही निदानानंतर घ्या, निदानाऐवजी नव्हे. ऑसिलोस्कोप नाही म्हणून अडून बसू नका. मीटर, लाकडी काडी आणि कान यांवर बरीच दुरुस्ती होते. सुरुवातीला प्रत्येक अँप अनोळखी वाटेल आणि एकाच दोषावर दिवसच्या दिवस जातील. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त प्रत्येक बदलानंतर अँप चालू करून ऐका, आणि दोन बदल एकदम करू नका.

अँप परत देण्याआधी चॅसिस त्याच्या कॅबिनेटमध्ये बसवून, वाजवणारा ज्या व्हॉल्यूमला वाजवतो त्याच व्हॉल्यूमला ते निदान तासभर चालवा. टेबलावर उघडे असताना गप्प राहणारा सांधा गरम झाल्यावर बोलू लागतो, आणि स्पीकरच्या कंपनांत हलणारी ट्यूब टेबलावर कधीच पकडली जात नाही. शेवटी हीटरच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज, प्रत्येक प्लेटचे व्होल्टेज आणि आउटपुट ट्यूबचे प्रवाह कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी ते अँप ज्याच्या हाती पडेल, त्याला तुलना करायला निरोगी आकडे तयार मिळतील.