न्यूरेंबर्गला जाताय? या चुका टाळा

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार बघायला निघणारे बरेच जण २५ डिसेंबरनंतरचं तिकीट काढतात आणि तिथेच फसतात. सुटी तेव्हा मिळते हे खरं, पण हा बाजार २४ तारखेला दुपारीच आवरतो. २५ आणि २६ला दुकानंही बंद. दिवाळीच्या आकाशकंदिलांचा बाजार भाऊबिजेनंतर शोधावा तसाच हा प्रकार. बाजार असतो सणाच्या तयारीसाठी. सण घरात होतो.

बाजाराचं उद्‌घाटन ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी होतं. म्हणून नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरा आणि त्यातही सोमवार ते गुरुवार. शनिवारी संध्याकाळी हाउप्टमार्क्ट चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली इतकी रेटारेटी असते की काही नीट बघताच येत नाही. आणि इथे बघायला थांबावंच लागतं. सुक्या आलुबुखारांच्या बाहुल्या घ्या: हातपाय सुरकुतलेल्या काळ्या आलुबुखारांचे, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेले डोळे आणि एवढीशी टोपी. गरम मसालेदार वाइन घेतलीत तर पैशांत मगचं डिपॉझिटही धरलेलं असतं. रिकामा मग परत केला की ते मिळतं, त्यामुळे तो टेबलावर सोडून निघू नका. मुलांसाठी बिनदारूचं गरम पेयही असतं.

हॉटेलआधी कॅलेंडर बघा

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे खेळण्यांचं जगप्रसिद्ध व्यापारी प्रदर्शन भरतं. सर्वसामान्यांना त्यात प्रवेश नाही, हॉटेलांचे चढे दर मात्र सगळ्यांनाच. तारखा अडल्याच तर शेजारच्या फ्युर्थमध्ये राहा. यू-१ मेट्रो थेट न्यूरेंबर्गच्या जुन्या शहरात आणते. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर किल्ल्यालगतचं युवा हॉस्टेल मला मनापासून सुचवावंसं वाटतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधलेल्या धान्यकोठारात झोपायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. मात्र तिथवर फरसबंदीचा चढ आहे, त्यामुळे सामान कमी ठेवा.

म्युनिकहून एका दिवसात उरकू नका

बायर्न तिकीट (बव्हेरिया राज्यात दिवसभर चालणारं रेल्वे तिकीट) स्वस्त पडतं, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाडीत चालतच नाही. म्हणजे निम्मी सकाळ प्रवासातच जाते आणि घाईघाईत हाउप्टमार्क्टवरच्या फ्राउएनकिर्शं चर्चचं घड्याळ हुकतं. रोज दुपारी बरोबर १२ वाजता तिथे सम्राट चौथ्या कार्लभोवती सात राजनिर्वाचक फेऱ्या मारतात. १३५६च्या सुवर्ण फर्मानाने सम्राट निवडण्याचा त्यांचा हक्क पक्का केला, त्याचं हे स्मरण. दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा.

वारांचाही घोळ होतो. गेर्मानिशेस राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि १४९२ ते १४९४ दरम्यान केलेला, इथल्या मार्टिन बेहाइम या व्यापाऱ्याचा पृथ्वीगोल तिथेच आहे. आज टिकून असलेला हा सर्वांत जुना पृथ्वीगोल. त्यावर अमेरिका नाही. न्यूरेंबर्ग खटल्यांचं स्मारक मंगळवारी बंद असतं. ते जुन्या शहरात नाही, पायी शोधत बसू नका. यू-१ने बेरेनशान्त्स स्थानकावर उतरा. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात नाझी नेत्यांवर मुख्य खटला चालला तो कक्ष क्रमांक ६०० याच इमारतीत आहे. एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर किल्ला सोडा, पण हे सोडू नका. २ जानेवारी १९४५च्या बॉम्बवर्षावात जुनं शहर जवळजवळ भुईसपाट झालं होतं. आज दिसणारी मध्ययुगीन घरं बरीचशी नंतर उभारलेली आहेत, हे लक्षात ठेवून फिरलं की शहर वेगळंच दिसतं.

ताटात काय आहे ते विचारा

बोटाएवढे न्यूरेंबर्गर सॉसेज डुकराच्या मांसाचे असतात. खाणाऱ्यांनी पावात तीन घालून मिळणारं 'द्राय इम वेग्ला' रस्त्यावरच घ्यावं. शाकाहाऱ्यांची फसगत होते ती बाजूच्या पदार्थांत. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो, आंबवलेल्या कोबीत डुकराची चरबी आणि बटाट्याच्या गोळ्यावर मांसाचीच ग्रेव्ही. चीज घातलेले श्पेत्सलं (मऊ, घरगुती नूडल्स) मागवा. त्यातही अंडं असतंच.

लेबकुखन (इथला मसालेदार नाताळ केक) घेताना सुंदर डब्यावर भाळू नका, नावात 'एलिझन' आहे का ते पाहा. त्यात सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असावं लागतं. अंडंही बहुधा असतंच, घरी न खाणारं कुणी असेल तर घटक वाचून घ्या. आणि ही खरेदी शनिवारीच उरका. रविवारी शहरातली बहुतेक दुकानं बंद असतात.