गुन्हा कबूल केला, आता शिक्षा जड जातेय? या चुका टाळा

ठाण्यात कोर्ट नाक्यावर वकिली करताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: “साहेब, तेव्हा कबूल म्हणालो, आता बघा ना काहीतरी.” मागे ऐरोलीचा एक मुलगा आला होता. पार्किंगवरून बाचाबाची, साध्या दुखापतीची केस. तारखांना कंटाळून त्यानं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विसरून गेला. पुढे सरकारी भरतीचा चारित्र्य पडताळणीचा फॉर्म समोर आला तेव्हा घाम फुटला. हातात काय, तर दंडाच्या पावतीचा मोबाईलवरचा फोटो. निकालापासूनचा दिवस बावन्नावा.

पहिली चूक इथेच. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्स कोर्टात अपील करायला ३० दिवस असतात. नकलेला (निकालाच्या अधिकृत प्रतीला) लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण नक्कल अर्ज तर टाकायला हवा! कैदेची शिक्षा असेल तर निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, मात्र “माहीत नव्हतं” एवढ्यावर भागत नाही. उशीर आजारपणामुळे झाला असेल तर दवाखान्याचे कागदही जोडा. दंड भरला म्हणून अपिलाचा हक्क बुडत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते: अपिलात “मी काही केलंच नाही” असं लिहिणं. कबुलीवर शिक्षा झाली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ नुसार अपील फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच चालतं. (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३७५ होतं.) प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची तडजोड, करून निकाल लागला असेल तर तेही दार बंद, मग उरते हायकोर्टातली रिट याचिका किंवा सुप्रीम कोर्टातली विशेष अनुमती याचिका.

पण कबुली खरंच कबुली होती का, हे आधी तपासा. रोजनामा (कोर्टाच्या तारीखवार कामकाजाची नोंद) आणि प्लीचा कागद (आरोपीचं उत्तर लिहिलेला), दोन्हींची नक्कल काढा. आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते. या मुलाच्या कागदावर “होय” एवढंच होतं. मी विचारलं, तू नेमकं काय बोललास? “ढकललं म्हणालो, मारलं नाही म्हणालो.” असं उत्तर लिहिलेलं सापडलं असतं, तर मुळात ती कबुलीच नव्हती असा मुद्दा घेता आला असता. नुसत्या “होय”पुढे नंतरची तोंडी हकीकत फार टिकत नाही.

मग उरली शिक्षा. तिथे बहुतेक अर्जांत “गरीब आहे, दया करा” इतकंच असतं. त्यापेक्षा १९५८ चा परिवीक्षा कायदा मागा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश अपील कोर्टही देऊ शकतं, आणि याच कायद्याच्या कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची कायदेशीर अपात्रता लागत नाही. दोष पुसला जात नाही, फॉर्ममध्ये लपवायचाही नाही. पहिलाच गुन्हा, वय, शिक्षण, फिर्यादीशी झालेला समेट, सगळं कागदानिशी द्या.

माणूस आत असेल तर अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज वेगळा टाका. अपील दाखल झालं म्हणून आपोआप सुटका होत नाही. वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या कुणालाही, आणि बाईमाणसाला तर उत्पन्न न बघता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

त्या मुलाचा नक्कल अर्ज आम्ही त्याच दुपारी टाकला. बावन्न दिवसांचा हिशेब मात्र त्यालाच लिहून काढायला लावला.