स्पोर्ट्स कारच्या पेडलांवर नवी कव्हरे घरच्या घरी कशी बसवावीत

पेडलांवर धातूची कव्हरे बसवणे हे गाडीच्या सजावटीतले झटपट उरकणारे काम समजले जाते आणि नेमक्या त्याच कारणाने ते पुष्कळदा निष्काळजीपणे केले जाते. आरशाचे कव्हर सैल झाले तर फार तर ते रस्त्यात पडेल; ब्रेकचे कव्हर सैल झाले तर ऐन ब्रेक दाबण्याच्या क्षणी पाय घसरेल. म्हणून कव्हर कसे दिसते हा प्रश्न दुय्यम मानावा आणि ते पेडलाला किती घट्ट धरून राहते, हे आधी पाहावे. येथे दिलेली कृती क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर अशी तीन पेडले असलेल्या गाडीसाठी आहे. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो आणि ब्रेकचे पेडल रुंद असते, त्यामुळे कव्हरांचा संच घेताना तो कोणत्या गिअरबॉक्ससाठी आहे हे तपासून घ्यावे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची कव्हरे मिळतात. पहिल्या प्रकारात धातूच्या पत्र्यामागे रबराची खोळ असते आणि कंपनीचे मूळ रबर काढून त्याच जागी ती ओढून बसवता येते. दुसऱ्या प्रकारात कव्हराच्या मागे पट्ट्या येतात आणि त्या नट-बोल्टने पेडलाभोवती आवळायच्या असतात. तिसरा प्रकार सरसकट कोणत्याही गाडीला चालतो असे सांगितले जाते. त्यात पेडलालाच भोके पाडावी लागतात किंवा दुहेरी चिकटपट्टीवर विसंबावे लागते. पहिला प्रकार, तोही आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला, मिळत असेल तर दुसरा विचार करू नये. चिकटपट्टीचे कव्हर ब्रेकवर तर मुळीच लावू नये, कारण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चिकटपट्टीचा गोंद मऊ पडतो आणि ब्रेकवर पायाचा जोर सरळ न येता थोडा तिरका येतो.

धातूच्या पृष्ठभागावर रबराचे ठिपके किंवा आडव्या पट्ट्या आहेत का आणि त्या पत्र्याच्या वर स्पष्टपणे उठून दिसतात का, हेही पाहून घ्यावे. गुळगुळीत पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम छायाचित्रात चांगले दिसते, पण ओल्या बुटाच्या तळव्याखाली ते निसरडे होते. नुसती भोके पाडलेला पत्रा असेल, तर भोकांच्या कडा वर आलेल्या असाव्यात.

जाडीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि स्पोर्ट्स कारच्या बाबतीत खरी मेख तिथेच आहे. गिअर उतरवताना उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा, या पद्धतीला हील अँड टो म्हणतात. ती जमण्यासाठी ब्रेक जोरात दाबलेला असताना त्याची पातळी अ‍ॅक्सिलरेटरच्या जवळपास यावी लागते. ब्रेकवर जाड कव्हर चढवले आणि अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवला, तर दोन्हींतील अंतर वाढते आणि पाय पोहोचत नाही. उलट अ‍ॅक्सिलरेटरचे कव्हर फार जाड किंवा फार रुंद असेल, तर ब्रेक दाबताना बुटाची कड नकळत त्यावर पडते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पट्टीने मूळ रबराची जाडी आणि दोन पेडलांमधील मोकळी जागा मोजून लिहून ठेवावी आणि नव्या कव्हरांशी ताडून पाहावी.

हत्यारे फारशी लागत नाहीत. टॉर्च, न खरवडणारी प्लास्टिकची चपटी पट्टी, ॲलन की, साबणाचे पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडकी आणि डोके टेकायला एखादी उशी एवढे जवळ असले की पुरे. उशीचे नाव वाचून हसू येईल, पण पाठ दाराच्या उंबऱ्यावर आणि मान पेडलांच्या खाली, अशा अवस्थेत थोडा वेळ काढल्यावर तिची किंमत कळते.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. सीट विजेवर चालणारी असेल तर ती आधीच पूर्ण मागे घ्यावी आणि मगच इग्निशन बंद करावे. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर तिची किल्ली खिशात न ठेवता दूर ठेवावी, कारण आडवे पडून पेडलांशी खटपट करताना चुकून बटण दाबले गेले तर गाडी सुरू होऊ शकते. बॅटरी काढण्याची गरज नाही, कारण या कामात कोणताही विजेचा जोड उघडायचा नसतो. काही गाड्यांत स्टिअरिंगखाली गुडघ्यांसाठी एअरबॅग असते, त्यामुळे त्या भागावर हत्यार आपटू नये किंवा तेथील आवरण उचकटू नये. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट बाहेर काढावी आणि ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे. पायाचा जोर वाढवून ब्रेकला देणाऱ्या, व्हॅक्यूमवर (हवेच्या पोकळीवर) चालणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम त्यामुळे संपतो, पेडल कडक होते आणि रबर चढवताना ते सारखे खाली जात नाही.

जुने रबर काढताना वरच्या एका कोपऱ्यात अंगठा घालून मागे दुमडलेली कड पुढे ओढावी. एक कोपरा सुटला की बाकीचे रबर सहसा सोलल्यासारखे निघते. ते कापू नये. नवे कव्हर पटले नाही किंवा बिघडले तर हेच रबर पुन्हा लावता येते. पेडल मात्र आपल्याकडे वर खेचू नये: काही गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पेडलाच्या दांड्याला टेकलेला असतो आणि जोराने वर ओढल्यास त्याची जागा हलते. उघडा पडलेला लोखंडी पत्रा अल्कोहोलने पुसावा. जुन्या गाडीत तेथे गंज आणि चिकट काळी घाण निघते, ती पूर्ण काढून पत्रा कोरडा करावा.

आता ब्रेकचे कव्हर. रबर कडक असेल तर ते काही मिनिटे गरम पाण्यात ठेवून मऊ करावे. मागच्या खोबणीला आतून साबणाच्या पाण्याचा पातळ हात फिरवावा. येथे तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा स्प्रे वापरण्याचा मोह होतो, कारण कव्हर लगेच सरकून बसते; पण जे आज सहज सरकून बसले ते उद्याही तितक्याच सहज सरकेल. साबणाचे पाणी वाळून जाते, अल्कोहोल तर त्याहून लवकर उडते. सायकलच्या हँडलवर रबरी मूठ चढवतात त्याच तत्त्वावर हे काम चालते. आधी वरच्या दोन्ही कोपऱ्यांत पेडलाचा पत्रा खोबणीत पूर्ण घुसवावा, एका हाताने तेथे दाब धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने खालचा एक कोपरा ताणून चढवावा. शेवटचा कोपरा हमखास अडतो. तेथे प्लास्टिकची पट्टी रबराच्या कडेखाली घालून ती कड पत्र्याच्या मागे उलटवत न्यावी. स्क्रूड्रायव्हर वापरल्यास रबर फाटते आणि ती चीर पुढे वाढत जाते.

कव्हर समोरून नीट बसल्यासारखे दिसले तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. टॉर्च घेऊन मागच्या बाजूने चारही कडा पाहाव्यात आणि बोट फिरवावे. बोटाला कुठेही लोखंडाची उघडी धार लागता कामा नये. कड आत दुमडून पत्र्यावरच राहिली असेल तर तेथे फुगवटा जाणवतो. असे कव्हर काही दिवस टिकते आणि मग एखाद्या जोरदार ब्रेकला निसटते. क्लचची पद्धत हीच आहे. फक्त क्लच दाबाखाली खाली जातो, म्हणून त्याच्या मागे दुसऱ्या हाताचा आधार द्यावा.

नट-बोल्टचे कव्हर असेल तर बोल्ट एकामागोमाग पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे, म्हणजे कव्हर तिरके बसत नाही. नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत आणि एकदा काढलेले असे नट पुन्हा लावू नयेत. धातूवर धातू असेल तेथे मध्यम ताकदीचे निळे थ्रेडलॉकर, म्हणजे नट सैल होऊ न देणारा आट्यांवरचा गोंद, चालते; प्लास्टिकजवळ ते टाळावे, कारण काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. बोल्टाचे टोक नटाबाहेर दोन-तीन आट्यांपेक्षा जास्त आले तर आखूड बोल्ट घ्यावा. शेवटी नट आणि पट्टी या दोन्हींवरून जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावताच ते कळते.

अ‍ॅक्सिलरेटरचे प्रकरण वेगळे आहे. अलीकडच्या गाड्यांत ते बहुधा प्लास्टिकचे असते आणि त्याच्या हालचालीची माहिती सेन्सरमार्फत इंजिनाच्या संगणकाकडे जाते. या प्लास्टिकला मागून ताकद देणाऱ्या उभ्या-आडव्या पट्ट्या असतात आणि भोक पाडले की त्याच कापल्या जातात. म्हणून येथे ड्रिल लावू नये, असे माझे ठाम मत आहे. मॉडेलसाठी बनवलेले कव्हर वरच्या हुकात अडकवून खाली सरकवायचे किंवा कडेच्या खटक्यांत दाबायचे असते. खटका बसल्याचा आवाज प्रत्येक बाजूने ऐकू यायला हवा. पेडल जमिनीला बिजागरीने जोडलेले असेल, तर कव्हराची खालची कड गालिच्यावर घासत नाही ना, हे पेडल पूर्ण दाबून पाहावे.

मॅटबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यामागे मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटर अडकून राहण्याचा धोका हे एक कारण होते. लांब किंवा रुंद कव्हर लावल्यावर हा धोका वाढतो. मॅट तिच्या खुंट्यांवर पक्की बसवावी, एकावर एक दोन मॅट घालू नयेत आणि कव्हर व मॅट यांच्यात पेडलाच्या संपूर्ण प्रवासभर मोकळी जागा राहते याची खात्री करावी.

चाचणी इंजिन बंद असतानाच सुरू करावी. प्रत्येक पेडल शेवटपर्यंत दाबून एकदम सोडावे. ते कुठेही न रेंगाळता परत यायला हवे. मग नेहमीचे बूट घालून कव्हर बाजूला ढकलण्याचा आणि खालून उचकटण्याचा खरोखरच प्रयत्न करावा. पायाने निघाले तर ते बसलेच नव्हते असे समजून पुन्हा सुरुवात करावी. पेडल सोडलेले असताना ब्रेक लाइट विझतो का, हे मागच्या भिंतीवरील उजेडावरून किंवा कोणाला तरी मागे उभे करून पाहावे. यानंतर ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत पेडल किंचित खाली जाते आणि ते योग्यच आहे. मोकळ्या जागेत ताशी १५-२० किलोमीटर वेगाने काही वेळा जोरात ब्रेक दाबावा, एकदा बुटाचा तळवा ओला करूनही पाहावे, आणि मगच रहदारीत जावे.

पहिल्या आठवड्यानंतर मागच्या कडा आणि बोल्टांवरची रेघ पुन्हा तपासावी, पुढे दर सर्व्हिसिंगला एकदा. कव्हर धुताना डॅशबोर्डला चकाकी आणणारे द्रव तेथे लागू देऊ नये. रबराचे ठिपके झिजून पत्र्याच्या पातळीला आले की धातू कितीही नवा दिसत असला तरी कव्हर बदलावे, आणि नवे मिळेपर्यंत जपून ठेवलेले मूळ रबर चढवून गाडी चालवावी.